अजून तीन महिने

आमच्या धाकटीबद्दल कुणाला काही जाणून घ्यायचं असलं की लोक माझ्याकडे येतात, आणि इथेच त्यांचं चुकतं. मी तिची थोरली जाऊ. तिचं कौतुक करायची वेळ आली की माझी जीभ जड होते. तरी सांगते, मधेमधे नाक मुरडलं तर चालवून घ्या.

धाकटी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. सकाळी साडेसहाला तिच्या खुर्चीपुढे उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग लागलेली असते. तिला शीर पहिल्या खेपेला सापडते आणि सुई कधी आत गेली ते समोरच्याला कळत नाही. शेजारच्या खुर्चीवरची बाई मोकळी बसलेली असते, तरी लोक धाकटीसाठी थांबतात. एकदा मी मुद्दाम त्या शेजारच्या बाईपुढे हात केला. घरचीच आहे म्हणून काय तिला भाव द्यायचा? चार दिवस कोपराच्या खळग्यात निळा डाग घेऊन फिरले आणि तो कुणाला दिसू नये म्हणून भर उन्हाळ्यात लांब बाह्या घातल्या.

घर दोन मजली. खाली ती आणि भावजी, वर आम्ही. सासूबाईंचा मुक्काम महिन्याने बदलतो, पण त्यांचं मन खालीच असतं. "धाकटीचा हात हलका आहे हो," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी ह्या घरात सतरा वर्षं हात चालवते आहे, त्याचं वजन कुणी केलं नाही. मी गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. गावातल्या निम्म्या पोरांच्या पाठीवर माझ्या कात्रीची रेघ आहे, पण गणवेश घालताना तो कुणी कापला हे कोण विचारतं?

मला विचारत ते फक्त क्लबात. पाण्याच्या टाकीमागे एक लांबट हॉल आहे, तिथे टेबल टेनिसची दोन टेबलं. वर पंखा आहे पण बॉल उडतो म्हणून तो बंद ठेवायचा, त्यामुळे सगळे घामाघूम. संध्याकाळी सहा ते आठ आमचा खेळ. तिथे बायकांत अकरा वर्षं मी पहिली होते. आणि धाकटीला तिथे मीच घेऊन गेले. लग्नानंतर ती संध्याकाळी एकटीच खिडकीत बसायची, तेव्हा म्हटलं, चल. बॅट कशी धरायची हेही मीच तिला शिकवलं. हे मी सगळ्यांना आधी सांगून टाकते, कारण नंतरचं सांगताना मला त्रास होतो.

क्लबात खेळाशिवाय माझं आणखी एक काम होतं, ते म्हणजे बॅटची रबरं बदलणं. बॅट म्हणजे लाकडाची फळी, तिच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला काळं रबर चिकटवलेलं असतं. जुनं रबर कोपऱ्यातून हळू सोलायचं, लाकडाची साल निघू द्यायची नाही. मग स्पंजच्या तुकड्याने पांढरा गोंद पसरायचा. दुधासारखा असतो तोवर हात लावायचा नाही, पारदर्शक झाला की नवं रबर मुठीकडून पुढे टेकवत न्यायचं. रात्रभर जाडजूड पुस्तकांखाली दाबून ठेवायचं आणि सकाळी कडेने कापायचं. ते कापणं बघायला लोक उभे राहायचे. एका दमात, कुठेही न थांबता, काठाला काठ. शेवटी मी मास्तर आहे.

रबर किती टिकतं, असं सगळे विचारतात. ह्याला एक उत्तर नाही. आठवड्यातून एकदा येऊन गप्पाच जास्त मारणाऱ्याचं वर्षभर जातं. रोज दोन तास खेळणाऱ्याचं चार-पाच महिन्यांत संपतं. मोठे खेळाडू तर महिन्या-दीड महिन्यात बदलतात म्हणे. ओल्या स्पंजने पुसून, वर प्लॅस्टिकचा कागद लावून, उन्हापासून लांब ठेवलं तर थोडं जास्त टिकतं. पण नवं असताना रबर बॉलला धरतं, क्षणभर आत ओढून घेतं आणि गरकन फिरवून सोडतं, ते धरणं कधीतरी सुटतंच. मधोमध, जिथे बॉल रोज आदळतो, तिथे तुळतुळीत चट्टा पडतो. खेळणाऱ्याला मात्र ते कळत नाही. रबर रोज थोडं मरतं आणि हात रोज थोडी तडजोड करत जातो. म्हणून दुसऱ्याचा अंगठा लागतो, आणि क्लबात तो अंगठा माझा होता. मी रबरावर फुंकर मारायची, अंगठा फिरवायची, बॉल टेकवून ओढायची आणि सांगायची. "बदला." किंवा, "अजून चालेल." माझ्या शब्दावर कुणी दुसरा शब्द काढत नसे. नव्या रबरांची पाकिटं क्लबाच्या कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

धाकटी खेळायला लागून तीन वर्षं झाली आणि एका मंगळवारी तिने मला हरवलं. नुसतं हरवलं नाही, सरळ तीन गेममध्ये हरवलं. हरवल्यावर तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अय्या वहिनी, आज तुमचं लक्ष नव्हतं." लक्ष होतं. चांगलं डोळे फाडून लक्ष होतं. बाकावर बसलेल्या गणिताच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. ह्या बाई शाळेत गणित शिकवतात आणि क्लबात सगळ्यांचे गुण तोंडपाठ ठेवतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

खेळ संपल्यावर धाकटी बॅट घेऊन माझ्यासमोर आली. "वहिनी, बघा ना जरा. बदलायला झालंय का?"

मी लाल बाजूवरून अंगठा फिरवला. बॉल टेकवून ओढला, तर तो काचेवरून जावा तसा सरकला. ते रबर महिनाभरापूर्वीच मेलं होतं. म्हणजे मेलेल्या रबराने हिने मला धूळ चारली होती! मग नव्याने ही काय करेल? आणि ज्या तोंडाने मी अकरा वर्षं खरं तेच सांगत आले होते, त्याच तोंडाने मी म्हणाले, "अजून तीन महिने चालेल."

"बरं," ती म्हणाली आणि बॅट पिशवीत टाकली.

वाटलं होतं, एकदाच. पण तीन महिन्यांनी ती पुन्हा आली आणि मी पुन्हा तेच सांगितलं. त्यानंतरही तेच. कुणी म्हणेल, एवढं काय ते, जावेजावेतलं चालायचंच. पण मला माहीत होतं मी काय करते आहे. एखाद्याच्या चष्म्याचा नंबर वाढलेला असताना "दिसतंय की चांगलं" म्हणून त्याला घरी पाठवावं, तसलं ते होतं. त्याच दिवसांत मी माझी स्वतःची रबरं मात्र दर दोन महिन्यांनी बदलायला लागले. ती जुन्यावर आणि मी नव्याकोऱ्यावर, मग बघू म्हटलं.

बघितलं. तिच्या बॅटमधून बॉल फिरेना, म्हणून तिने फिरवण्याचा नाद सोडला. पायांवर खेळायला लागली. टेबलाला चिकटून उभी राहायची आणि बॉल नुसता समोरच्याला नको असेल तिथे नेऊन ठेवायची. त्यातून मेलेल्या रबराचा एक गुण असा की बॉल दिसतो फिरकीचा आणि येतो कोरा. समोरची बाई फिरकी धरून बॅट तिरकी करायची आणि बॉल जाळ्यात घालायची. माझं उलटं झालं. नवं रबर अंगवळणी पडायला दोन आठवडे लागतात. ते जरा हाताला बसतंय तोच मी ते सोलून दुसरं लावायची. माझा हात कायम पाहुण्याच्या घरी राहिल्यासारखा बिचकत राहिला. वर्षभरात ती पहिली झाली आणि मी चौथी. टीममध्ये तिघी खेळतात, चौथी राखीव बसते आणि बाकीच्यांचे टॉवेल सांभाळते.

मला तिचं सगळंच खुपायला लागलं. तिचं चपला ओढत चालणं, हरल्यावरही हसणं, घामाने केस कपाळाला चिकटल्यावर सुद्धा बरं दिसणं. ती जिंकून आली की सासूबाई हाक मारून मला वरून खाली बोलवायच्या, का, तर अभिनंदन करायला. मी करायची. रात्री आमचे हे म्हणायचे, "अगं, शिकवलीस तूच ना? तुझंच नाव होतंय." कुठे होतंय? कोण म्हणतंय? जिने पहिल्यांदा बॅट धरायला शिकवलं तिचं नाव चषकावर कोरतात का?

एकदा गणिताच्या बाईंनी धाकटीची बॅट उजेडात धरली. "अगं, हे रबर चमकतंय बघ किती. बदल की."

धाकटी म्हणाली, "वहिनींनी बघितलंय. चालेल म्हणाल्यात." बाईंनी बॅट लगेच परत दिली. मी टेबल पुसत होते, ते तसंच पुसत राहिले.

तर असं करत करत दीड वर्ष गेलं आणि आम्ही आंतरक्लब स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत पोहोचलो. आमचा क्लब इतकी वर्षं तिथवर कधी गेला नव्हता. दोन-दोन अशी बरोबरी झाली होती आणि पाचवा सामना धाकटीचा होता. चषक तिथेच, पंचांच्या टेबलावर ठेवलेला. सामना सुरू होणार इतक्यात समोरच्या टीमची कॅप्टन पंचांकडे गेली. तिचं म्हणणं, ह्या बाईंच्या बॅटमधून बॉल कसा येतो तेच कळत नाही, बॅट तपासा.

पंचबाई वयस्कर होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बॅट डोळ्यांजवळ नेली. लाल रबराच्या कडेचा नखाएवढा तुकडा उडाला होता, त्याच्या आसपास बारीक चिरा. त्यांनी मधल्या चट्ट्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "ही चालणार नाही. हे रबर कधीच संपलंय. हे चालेल असं तुम्हाला सांगितलं तरी कोणी?"

मी दोन हातांवर होते, टॉवेल घेऊन. माझी अकरा वर्षांची पत, माझी किल्ली, माझा अंगठा, सगळं त्या एका उत्तरावर होतं.

"कोणी नाही," धाकटी म्हणाली. "मीच आळस केला."

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. पंचबाई म्हणाल्या, दुसरी बॅट घ्या. टीममधल्या बाकी दोघींच्या बॅटी वेगळ्या मुठीच्या होत्या, तिच्या हाताला बसेल अशी एकच होती, माझी. दहा दिवसांपूर्वी लावलेलं रबर, नवंकोरं. मी ती पुढे केली. पहिला गेम ती अकरा-तीनने हरली. मारलेला प्रत्येक बॉल टेबल ओलांडून भिंतीवर जात होता. दीड वर्ष ज्या हाताने मेलेल्या रबराला जीव लावला, त्याला जिवंत रबर झेपेना.

खरं सांगू? पहिले चार-पाच बॉल भिंतीवर आदळले तेव्हा मला आतून उकळ्या फुटल्या. मग गेम संपला, ती माझ्याकडे आली, बॅटकडे बघत म्हणाली, "वहिनी, हिला काय करू?" गावात त्या घडीला नव्या रबराची खोड माझ्याइतकी कुणाला माहीत नव्हती. मी गप्प बसू शकले असते. पण माझ्या हातची बॅट, माझ्या हाताने कापलेली, अशी चारचौघांत फजीत होताना मला बघवेना. "फळी पुढे झाकून धर," मी म्हणाले. "अर्ध्या जोराने मार. बाकीचं ती करते."

दुसरा गेम तिने काढला. तिसरा गेला, चौथा पुन्हा बारा-दहाने आला. पाचवा अकरा-नऊने गेला. चषक समोरच्यांनी उचलला.

परतताना सगळे भाड्याच्या गाडीत दाटीवाटीने बसलो. पुढच्या सीटवरून क्लबाच्या सेक्रेटरींनी सुरुवात केली. "एवढी चांगली खेळाडू, आणि बॅटकडे बघायला वेळ नाही! घरात थोरल्या वहिनी आहेत, त्यांना नुसतं विचारलं असतं तरी आज कप आपल्या मांडीवर असता."

"पण ती तर विचारायची," गणिताच्या बाई म्हणाल्या. "मी स्वतः ऐकलंय."

"नाही हो," धाकटी म्हणाली. "बरेच महिने नव्हतं विचारलं. माझीच चूक."

सेक्रेटरी आणखी बोलले. सगळे तिच्यावर रागावले होते, पहिल्यांदाच. दीड वर्ष मी मनात जे घोळवत होते ते सगळं ताटात वाढून आलं होतं. आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. मला तिची दया आली असं वाटत असेल तर तसं नाही. मला तिचा पूर्वी कधी आला नव्हता एवढा हेवा वाटला. खेळ तिचा, सासूबाई तिच्या, रांगा तिच्यासमोर, आणि आता हेही? ती सगळं पोटात घालणार आणि मी तिच्या पदराआड लपून घरी जाणार? एवढा मोठेपणा तिला एकटीला मिळू द्यायची माझी तयारी नव्हती.

"ती विचारायची," मी मोठ्याने म्हणाले. "दर तीन महिन्यांनी विचारायची. मी सांगायचे चालेल म्हणून. ते रबर दीड वर्षापूर्वीच मेलं होतं आणि मला ते कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

ड्रायव्हरने सुद्धा आरशातून माझ्याकडे बघितलं. सेक्रेटरी वळून बसले होते ते पुन्हा पुढे वळले. मला आपलं वाटत होतं की धाकटीला हे ठाऊकच असणार, ठाऊक असूनच ती मला वाचवत असणार. तिच्याकडे वळून बघितलं तर तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"कळलं होतं?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुमच्या अंगठ्याला कात्रीने घट्टा पडलाय, हल्ली लागत नसेल तुम्हाला. मी लॅबमध्ये बघते ना, कामाने लोकांची बोटं बधिर होतात. पंचबाई बोलल्या तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं. म्हटलं, चारचौघांत नको. घरी गेल्यावर हळूच सांगू."

एवढंच बोलली आणि काचेबाहेर बघत बसली. मी अंगठा मुठीत धरून ठेवला. घर येईपर्यंत तो तसाच होता.

किल्ली मी दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली. त्यांनी "राहू द्या" म्हटलं नाही. धाकटी घरात माझ्याशी नीट बोलते. भाजी संपली का, गॅसवाला आला होता का, सगळं. सासूबाईंना तिने काही सांगितलेलं नाही, हे मला त्यांच्या वागण्यावरून कळतं. क्लबात आम्ही अजून समोरासमोर खेळतो, बहुतेकदा तीच जिंकते. पण आता रबर ती स्वतःच लावते. कडा वेड्यावाकड्या कापलेल्या, काळ्या बाजूला आत हवा राहून एक फुगवटा आलेला, गोंद मुठीवर ओघळलेला. ते बघितलं की माझे हात शिवशिवतात.

परवा मी न राहवून म्हणालेच, "दे इकडे, नीट करून देते."

"नको वहिनी," ती म्हणाली. "चालतंय मला."

ती आता रबर दर चार महिन्यांनी बदलते. चांगलं असलं तरी बदलते, कुणालाही दाखवत नाही. खालच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं आहे, त्यावर रबर बदलायच्या तारखांना तिने पेनाने गोल करून ठेवलेत. मी साखर मागायला गेले की ते गोल दिसतात, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या कॅलेंडरचाही हेवा वाटतो.